शुगर मेपलला टॅप लावायचा? आधी झाडाखाली बघा

तुमचे प्रश्न थोडक्यात असे: अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये घर घेतलं, त्यामागे पाच-सहा एकर रान आलं आणि त्यात शुगर मेपलची मोठी झाडं आहेत. येत्या फेब्रुवारी-मार्चमध्ये काही झाडांना टॅप, म्हणजे खोडात भोक पाडून बसवायची रसाची तोटी, लावून घरचं सिरप करायची हौस आहे, पण पुण्याहून आलेल्या आईंना जित्या झाडाला भोक पाडणं पटत नाही. मोठ्या मेपलखाली मेपलची रोपं वाढताना दिसत नाहीत, सगळीकडे बीच नावाच्या झाडाची दाटी आहे, हे का? आणि याचं बी महाबळेश्वरला रुजेल का?

मी याच भागात रानमालकांना झाडांबद्दल सल्ला देतो, आणि माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक नवा मालक टॅपबद्दलच विचारतो. बीचच्या दाटीबद्दल फारच थोडे विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून जरा लांबलचक लिहितो. नीट लावलेलं भोक हे झाड सहज पचवतं. त्याचं पुढचं शतक ठरतं ते खालच्या दोन-तीन वीत मातीत.

आधी झाड तेच आहे ना, ते बघून घ्या. उन्हाळ्यात पानावरून कळतं: पाच खंड, कडा गुळगुळीत, दोन खंडांमधली खाच गोलसर. लाल मेपलच्या पानाची कड दातेरी आणि खाच टोकदार असते. नॉर्वे मेपलचं पान शुगर मेपलसारखंच दिसतं, पण देठ तोडला की दुधासारखा चीक येतो. शुगर मेपलला चीक नाही. हिवाळ्यात डहाळीच्या टोकाची कळी बघा. शुगर मेपलची कळी बारीक, टोकदार, तपकिरी असते; लाल मेपलची बोथट आणि तांबडी, नॉर्वेची जाड आणि फुगीर. मेपलच्या डहाळ्या नेहमी समोरासमोर फुटतात. तुमच्या रानात तशा फुटणाऱ्या दुसऱ्या मोठ्या झाडांत फक्त ॲश नावाचं झाड असेल, तेव्हा एवढ्यावर निम्मं काम होतं. लाल मेपलचाही रस निघतो, पण त्यात साखर बहुधा कमी असते आणि कळ्या लवकर फुगत असल्याने हंगाम आधी संपतो.

आईंना एक गोष्ट आवडेल. एसर सॅकरम हे या झाडाचं शास्त्रीय नाव, आणि आजच्या वर्गीकरणात ते रिठ्याच्या कुळात येतं. रिठा, लिची, आपल्याकडचा कुसुंब आणि हे मेपल असे सगळे एकाच कुळातले.

आता रस. कोकणात माडाची माडी काढतात तसंच हे असावं असं बहुतेकांना वाटतं, पण आतला कारभार अगदी वेगळा आहे. माडी येते ती पोय छेदल्यावर, पानांनी तयार केलेली साखर फुलोऱ्याकडे नेणाऱ्या अन्नवाहिन्यांमधून. मेपलचा रस येतो तो लाकडातल्या, एरवी मुळांकडून पाणी वर नेणाऱ्या जलवाहिन्यांमधून, आणि तोही झाडावर एक पान नसताना. बहुतेक झाडांत या वाहिन्यांत साखर नावापुरती असते. शुगर मेपल मात्र गेल्या उन्हाळ्यात लाकडात साठवलेल्या स्टार्चची थंडीत साखर करतं आणि ती वाहिन्यांत सोडतं. ही साखर जवळजवळ सगळी सुक्रोज असते, म्हणजे उसातलीच. रसात तिचं प्रमाण सुमारे दोन टक्के. मोकळ्यावर वाढलेल्या, घेरदार झाडात तीन टक्क्यांच्या वरही जातं, कारण पानं जास्त म्हणजे साठाही जास्त.

मुळं पंपासारखा रस वर ढकलतात हा समज इथल्या जुन्या लोकांतही आहे. बर्च झाडाच्या बाबतीत तो खरा आहे. मेपलच्या बाबतीत नाही. त्याची तोडलेली फांदीसुद्धा थंडी-उन्हाच्या फेऱ्यात ठेवली की रस सोडते. गोम आहे लाकडाच्या घडणीत. मेपलच्या लाकडात वाहिन्यांच्या आजूबाजूच्या तंतुपेशी पाण्याऐवजी हवेने भरलेल्या असतात. रात्री पारा शून्याखाली गेला की या पेशींच्या आतल्या भिंतीवर बर्फ धरू लागतो, आतली हवा दाबली जाते, आणि बर्फाकडे ओढलं जाणारं पाणी मुळांमार्फत जमिनीतून वर खेचलं जातं. सकाळी पारा शून्याच्या वर आला की बर्फ वितळतो, दाबलेली हवा फुगते आणि वाहिन्यांतल्या रसावर दाब येतो. तेवढ्यात कुठे भोक सापडलं तर रस बाहेर. सुक्रोजही यात भागीदार आहे: ते वाहिनीतून तंतुपेशीत जाऊ शकत नाही, त्यामुळे पाणी वाहिनीकडे ओढलं जातं आणि तंतुपेशीतली हवा पाण्यात विरघळून नाहीशी होत नाही. म्हणून रात्री गोठणं आणि दिवसा वितळणं दोन्ही लागतं. आठवडाभर सलग थंडी असेल तरी बादली कोरडी, सलग ऊब असेल तरी कोरडी. तुमच्या भागात हा खेळ साधारण फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत चालतो.

झाडाला होणारी इजा दोन प्रकारची: साखर जाते आणि लाकडाला जखम होते. साखरेचं म्हणाल तर बादलीच्या एका टॅपमधून हंगामात सुमारे चाळीस लिटर रस मिळतो, त्यात पाऊण-एक किलो साखर. मोठ्या, निरोगी झाडाच्या साठ्यापुढे हे थोडंच आहे. जखमेकडे मात्र लक्ष द्यायला हवं. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरत नाही. अमेरिकी वनसेवेतल्या ॲलेक्स शायगो यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असंख्य खोडं उभी चिरून दाखवून दिलं की झाड खराब झालेला भाग भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. तुमच्या भोकाच्या वर आणि खाली तपकिरी लाकडाचा अरुंद, लांबट पट्टा तयार होईल. त्यातून पुन्हा कधी पाणी चढणार नाही. एका वर्षी एक पट्टा झाडाला काहीच नाही. पण जितकं नवं लाकूड वर्षाला चढतं त्याहून जास्त तुम्ही मारत गेलात, तर झाड हळूहळू तोट्यात जातं.

सगळे नियम या हिशोबातूनच आलेत. छातीच्या उंचीवर पंचवीस-तीस सेंटिमीटर व्यास नसेल त्या झाडाला हात लावू नका. एका झाडाला एकच टॅप. पंचेचाळीस सेंटिमीटरच्या पुढे दोन चालतील, पण घरच्या सिरपसाठी एवढी हाव कशाला. ड्रिलचं पातं आठ मिलिमीटरचं, धारदार आणि स्वच्छ. खोली चार-पाच सेंटिमीटर, भोक किंचित वर चढतं, म्हणजे रस बाहेर येईल. भुसा पांढरा-पिवळसर निघाला तर जागा बरोबर. तपकिरी निघाला तर तुम्ही जुन्या पट्ट्यात शिरलात. पुढच्या वर्षी जागा बाजूला आणि वर-खाली सरकवा. कळ्या उमलायला लागल्या की टॅप काढून घ्या. भोकात बूच, मेण, लांबी काही घालू नका, झाड ते स्वतः दोन-तीन वर्षांत बंद करतं. आणि गेल्या उन्हाळ्यात ज्याची पानं किड्यांनी खाल्ली, किंवा शेंड्याच्या फांद्या वाळू लागल्यात, त्याला यंदा सुट्टी द्या.

आईंना सांगा, या राज्यात शंभर-शंभर वर्षं टॅप लावलेली झाडं अजून धडधाकट उभी आहेत, आणि युरोपातून लोक यायच्या आधीपासून इथले अबेनाकी लोक हा रस काढत आलेत. लाल खारीही काढतात. साल चावून जातात आणि पाणी उडून साखर सुकली की चाटायला परत येतात.

आटवण्याबद्दल थोडंच लिहितो, तो विषय वेगळा. व्हरमाँट विद्यापीठातल्या चार्ल्स जोन्स यांचा नियम सोपा आहे: ८६ ला रसातल्या साखरेच्या टक्क्यांनी भागा, तितके लिटर रस एक लिटर सिरपला लागतो. दोन टक्के असेल तर ४३. पाण्याच्या उकळबिंदूच्या वर सुमारे चार अंश सेल्सिअस तापमान गेलं की सिरप झालं. चाळीस लिटर पाण्याची वाफ स्वयंपाकघरात करू नका, भिंती चिकट होतात. अंगणात चूल मांडा. कळ्या फुगल्यावरच्या रसाला एक उग्र, नकोशी चव येते, ती कितीही आटवली तरी जात नाही.

आता बीचच्या दाटीकडे. त्यासाठी मेपलचं बालपण माहीत हवं.

शुगर मेपल मे महिन्याच्या सुमारास पालवीबरोबरच फुलतं. लांब दांड्यांवर लोंबणारी पिवळसर-हिरवी फुलं, परागण मुख्यतः वाऱ्याने, मधमाश्याही परागासाठी येतात. बी धरायला झाड तीस-चाळीस वर्षांचं व्हावं लागतं, आणि भरघोस बीही दर वर्षी येत नाही, काही वर्षांच्या अंतराने येतं. जोडीने लागलेली पंखांची फळं शरद ऋतूत गिरक्या घेत पडतात. जोडीतल्या बहुधा एकाच फळात बी असतं. हे बी बर्फाखाली ओलं आणि गार राहून सुमारे तीन महिने काढतं, आणि मग एक अंश सेल्सिअसच्या आसपास सगळ्यात चांगलं रुजतं. एक अंश! दहा अंशांच्या वर ते जवळजवळ रुजतच नाही. बर्फ पुरता वितळायच्या आत मूळ खाली गेलेलं असतं. रोपं मोठ्या झाडांच्या आधी पानं उघडतात आणि वरचं छत मिटायच्या आत थोडं ऊन पदरात पाडून घेतात. ट्रिलियम, रानलसूण यांसारख्या वसंतातल्या झाडोऱ्याचीही हीच रीत आहे.

त्यानंतर रोप थांबतं. दाट सावलीत हे झाड जितकं तग धरतं तितकी फार थोडी झाडं धरतात. गुडघाभर उंचीचं, बोटभर जाडीचंही नसलेलं रोप पंधरा-वीस वर्षांचं असू शकतं. वरचं एखादं झाड वादळात पडलं, छताला भोक पडलं, की ते सरसर वर जातं. तीनशे-चारशे वर्षं जगणाऱ्या झाडाला एवढं थांबणं परवडतं. निरोगी मेपलच्या रानात अशी थांबलेली रोपं पावलागणिक असायला हवीत. तुमच्याकडे ती नसतील तर कुठेतरी साखळी तुटली आहे.

पहिला संशय हरणांवर. त्यांना मेपलचे कोवळे शेंडे आवडतात, बीचचे फारसे नाहीत. दुसरा खुद्द बीचवर, पण त्यात बीचचा दोष नाही. १८९० च्या सुमारास कॅनडातल्या हॅलिफॅक्स बंदरात युरोपातून एक खवले-कीड आली. ती बीचची साल टोचते, त्या जखमांतून बुरशी शिरते, मोठं झाड मरू लागतं आणि मरताना मुळांवरून शेकडो फुटवे काढतं. तुम्हाला दिसणारी दाटी तीच असणार. तिच्या सावलीत मेपलचं रोपही हरतं. आता बीचच्या पानांचा एक नवा सूत्रकृमीजन्य रोगही, २०१२ मध्ये ओहायोत पहिल्यांदा दिसलेला, न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे आपल्या या ईशान्य भागात, पोहोचलाय. सरसकट बीच तोडा असं मी म्हणणार नाही: ज्याची साल अजून गुळगुळीत आहे ते मोठं बीच राखा, त्यात रोगाशी झुंजण्याची ताकद असू शकते, आणि अस्वलं त्याची फळं खातात. फुटवे मात्र मेपलच्या रोपांभोवतीचे छाटत जा.

तिसरा आरोपी तुम्हाला पटायला जड जाईल: गांडूळ. शाळेपासून आपण त्याला शेतकऱ्याचा मित्र म्हणत आलो, आणि शेतात तो आहेच. पण हिमयुगात या भागावर बर्फाचा जाड थर होता आणि त्यानंतर इथली जंगलं गांडुळांशिवाय वाढली. पालापाचोळा वर्षानुवर्षं सावकाश कुजत त्याचा मऊ थर साचला, आणि मेपलचं बी, त्याची बारीक मुळं, मुळांना पोषण मिळवून देणारी मायकोरायझा बुरशी हे सगळं त्या थराच्या भरवशावर राहिलं. युरोपातली गांडुळं वसाहतींबरोबर कुंड्यांच्या मातीतून आली, पुढे मासेमारीच्या आमिषातून तळ्यांकाठी पसरली. मिनेसोटाच्या मेपलरानांत यावर बरंच काम झालंय: गांडुळं शिरली की काही वर्षांत तो थर फस्त होतो, उघडी माती उरते, रोपं मरतात, नंतर नुसतं लव्हाळ्यासारखं गवत. आता आशियातून आलेली उड्या मारणारी गांडुळंही व्हरमाँटमध्ये आहेत. त्यांनी खाल्लेली माती कॉफीच्या चोथ्यासारखी दाणेदार दिसते. पाचोळा बाजूला करून बघा. पसरलेली गांडुळं रानातून काढायचा उपाय आज कुणाकडेच नाही, म्हणून ती येऊ न देणं एवढंच हातात आहे. बागेतली माती, कुंड्या, आईंनी हौसेने केलेलं गांडूळखत यातलं काहीही रानाच्या कडेला टाकू नका.

आणि चौथं, माझ्या मते सगळ्यात मोठं कारण म्हणजे कॅल्शियम. शुगर मेपल कॅल्शियमचा भुकेला आहे. त्याचा पाचोळाही कॅल्शियमने समृद्ध असतो आणि लवकर कुजतो, म्हणजे घेतलेलं तो परत करतो. पण विसाव्या शतकात अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या कोळशाच्या धुरातून गंधकाचं आम्ल पावसाबरोबर इथे दशकानुदशकं पडत राहिलं. त्याने मातीतला कॅल्शियम धुऊन नेला आणि मुळांना विषारी असलेलं ॲल्युमिनियम मोकळं केलं. न्यू हॅम्पशायरच्या हबर्ड ब्रूक प्रायोगिक जंगलात १९६३ पासून पावसाच्या आणि ओढ्यांच्या पाण्याची रासायनिक नोंद ठेवली गेली, आणि उत्तर अमेरिकेतला आम्लपाऊस जगासमोर आला तो तिथूनच. १९९० मध्ये हवा स्वच्छ ठेवण्याच्या कायद्यात दुरुस्ती झाली, पाऊस बराच सुधारला. माती सुधारायला वेळ लागतो. म्हणून १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये तिथल्याच ११.८ हेक्टरच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरने वोलास्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेटच्या गोळ्या टाकल्या, गेलेला कॅल्शियम भरून निघेल इतक्या. पुढच्या काही वर्षांत तिथल्या मेपलची पानं, छत, रोपांचं जगणं, मुळांवरची बुरशी हे सगळं शेजारच्या न टाकलेल्या रानापेक्षा सुधारलं. झाडं तीच, हवा तीच, पाऊस तोच, फक्त कॅल्शियम परत दिलेला. पेन्सिल्व्हेनियातही विसाव्या शतकाच्या अखेरीस मेपल मोठ्या प्रमाणावर मेले ते मुख्यतः कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असलेल्या डोंगरमाथ्यांवर, आणि बहुधा किड्यांनी पानं खाल्ल्यानंतर. कीड सगळीकडे आली होती. मेली ती उपाशी झाडं.

म्हणून चुन्याची पोती आणायच्या आधी माती तपासा. व्हरमाँट विद्यापीठाच्या विस्तार सेवेकडून नमुना कसा घ्यायचा ते कळेल. सामूबरोबर (pH) कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियम मागा. त्याआधीच जमीन काय सांगते ते बघा: रानलसूण, मेडनहेअर नेचे, बासवूडची झाडं दिसली तर कॅल्शियम भरपूर आहे आणि मग तुमचा प्रश्न हरणांचा किंवा बीचचा. नुसतं बीच, नेच्यांची एकसुरी चादर आणि शेंड्याला विरळ झालेले मेपल दिसले तर माती संशयित. आणखी एक खूण: ऑगस्टमध्येच एखादी फांदी लाल झाली तर कौतुकाने फोटो काढू नका, ते झाड बहुधा ताणाखाली आहे. शरदातला खरा लाल रंग म्हणजे झाडाने त्या वेळी मुद्दाम तयार केलेलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य. पिवळा-नारिंगी रंग पानात आधीपासून असतोच, हिरवं ओसरलं की दिसतो.

सिरपच्या लोभाने बाकी झाडं तोडून नुसते मेपल ठेवायची इथे जुनी सवय आहे. मला ती पटत नाही. फॉरेस्ट टेंट कॅटरपिलर ही पानं खाणारी अळी आली की अशी राखलेली रानं सगळ्यात आधी उघडी पडतात. १९८८ मध्ये फुलकिड्यांनी, म्हणजे द्राक्ष-कांद्यावाल्यांच्या ओळखीच्या थ्रिप्सच्या एका जातीने, व्हरमाँटच्या मेपलची पालवी कळीतच खाल्ली होती. निदान चौथा हिस्सा पिवळा बर्च, बासवूड, चेरी अशी इतर झाडं असू द्या. मेपलच्या सोबतीने त्यांचाही फायदा होतो: टॉड डॉसन यांनी १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अभ्यासात दाखवलं की कोरड्या दिवसांत शुगर मेपलची खोल मुळं रात्री पाणी वर ओढतात आणि ते वरच्या कोरड्या मातीत झिरपतं, शेजारची झुडपं त्यावर जगतात. घराच्या वाटेवर हिवाळ्यात मीठ टाकत असाल तर ते मेपलच्या मुळांपर्यंत जाणार नाही असं बघा, त्याला ते सोसत नाही. आणि झाडाखालचा बर्फ उपसू नका. बर्फाचं पांघरूण नसलं की माती खोलवर गोठते आणि वरच्या थरातली बारीक मुळं मरतात. हबर्ड ब्रूकमध्ये बर्फ फावड्याने काढून हेही तपासलंय. हिवाळे उबदार होत चाललेत त्यातली मेपलची मोठी अडचण हीच: थंडी कमी झाली तरी बर्फ नसल्याने मुळं जास्त गोठतात.

राहिलं महाबळेश्वर. वेण्णा तलावाकाठी कधीमधी दवबिंदू गोठतात, पण त्यावर बी फसत नाही. त्याला महिनोन् महिने शून्याच्या जरा वरचा गारवा लागतो. बी फ्रिजमध्ये ठेवून रुजवलंत तरी पुढे कळ्यांना दर हिवाळ्यात तशीच लांब थंडी हवी. शिवाय पाच-सहा हजार मिलिमीटर पावसाने धुतलेली तिथली जांभ्याची आम्ल माती म्हणजे कॅल्शियमची जन्मजात टंचाई. हिमालयात मेपलच्या स्वतःच्या जाती आहेत, हौस तिकडे बघून भागवा. बी भारतात न्यायला आयात परवाना आणि रोगमुक्ततेचं प्रमाणपत्रही लागतं, खिशातून नेऊ नका. सिरपची बाटली न्या, तीही चेक-इन सामानात. केबिनमध्ये १०० मिलिलिटरच्या वर सोडत नाहीत.